विश्लेषण: मूल परदेशात परत पाठवण्याचा आदेश न्यायालय फिरवू शकते का?

मुळशी म्हटले की अजूनही अनेकांना धरण, ताम्हिणी आणि भातखाचरेच आठवतात. पण हिंजवडी आणि माणचा आयटी पट्टाही याच तालुक्यात येतो. तिथल्या सोसायट्यांमध्ये ‘ऑनसाइट’ जाऊन आलेली, मुलांचा जन्म अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये झालेली कुटुंबे मजल्यामजल्यावर सापडतात. संसार सुरळीत असतो तोवर मुलाचा परदेशी पासपोर्ट कौतुकाचा विषय असतो. नवरा-बायकोचे बिनसले आणि दोघांपैकी एक जण मुलाला घेऊन विमानात बसला, की त्याच पासपोर्टवरून दोन देशांच्या न्यायालयांत वाद सुरू होतो. तिकडचे न्यायालय म्हणते, मूल परत आणा. इकडे आलेली आई, कधी बाप, म्हणतो की मूल आता इथल्या शाळेत रमले आहे.

अशा वेळी भारतीय न्यायालयाने ‘मूल परत पाठवा’ म्हटले तर तो शेवटचा शब्द असतो का? आदेशानंतर परिस्थिती बदलली किंवा फसवणूक उघड झाली, तर न्यायालय आपलाच आदेश मागे घेऊ शकते का? थोडक्यात उत्तर ‘हो’ असे आहे. मात्र मूल विमानात बसण्याआधीचे ‘हो’ आणि बसल्यानंतरचे ‘हो’ यांत फार फरक आहे.

हेग करार काय सांगतो?

आई किंवा वडिलांनी दुसऱ्या पालकाच्या संमतीशिवाय मुलाला त्याच्या नेहमीच्या राहत्या देशातून बाहेर नेणे, किंवा सुट्टीसाठी नेऊन परत न आणणे, याला आंतरराष्ट्रीय भाषेत बालअपहरण म्हणतात. जन्मदात्या आईला ‘अपहरणकर्ती’ म्हणणे आपल्या कानाला खटकते, आणि भारताचा या विषयावरचा बराचसा संकोच तिथूनच सुरू होतो. २५ ऑक्टोबर १९८० चा हेग करार याच प्रश्नासाठी आहे. शंभरहून अधिक देश त्यात आहेत. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया तर आहेतच, शिवाय श्रीलंका, जपान आणि पाकिस्तानही आहेत. भारत नाही.

करारातील कल्पना सोपी आहे. ताबा कोणाला द्यायचा हे मूल जिथे राहत होते तिथले न्यायालय ठरवेल. मूल ज्या देशात नेले तिथल्या न्यायालयाने फक्त त्याला परत पाठवायचे, आणि तेही शक्यतो सहा आठवड्यांत. इथे एक गैरसमज नेहमी होतो. परतीचा आदेश म्हणजे मूल वडिलांच्या किंवा आईच्या हाती देणे नव्हे. ते त्या देशात परत पाठवणे एवढाच त्याचा अर्थ. कराराला अपवादही आहेत: वर्ष उलटून मूल नव्या जागी स्थिरावले असेल, परत पाठवल्याने त्याला गंभीर शारीरिक किंवा मानसिक धोका असेल, दुसऱ्या पालकाने संमती दिली असेल, किंवा समज आलेले मूल स्वतःच नकार देत असेल.

भारताने सही का केली नाही?

विधी आयोगाने २००९ मध्ये आपल्या २१८ व्या अहवालात करारात सामील होण्याची शिफारस केली. २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदा आला आणि त्याच वर्षी आयोगाचा २६३ वा अहवालही आला. मात्र महिला व बालविकास मंत्रालयाचा आक्षेप होता. परदेशात छळ सोसून मुलांसह माहेरी परतलेल्या भारतीय स्त्रियांना हा करार पुन्हा त्याच घराच्या दारात उभे करेल, अशी ती भीती होती. मग न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने एप्रिल २०१८ मध्ये अहवाल दिला. अशा वादांसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे, असे तिने सुचवले आणि कायद्याचा मसुदाही जोडला. त्याचा कायदा झालेला नाही.

त्यामुळे आपल्याकडे हा विषय सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवर चालतो. आणि ते निकाल एका रेषेत नाहीत.

पुण्याचा यात संबंध कुठे येतो?

थेट येतो. या विषयावरचा, आजही वकिलांच्या तोंडी असलेला खटला म्हणजे ‘एलिझाबेथ दिनशॉ विरुद्ध अरवंद दिनशॉ’. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील न्यायालयाने १९८२ मध्ये घटस्फोट देताना मुलाचा ताबा अमेरिकी आईकडे दिला होता. वडिलांना भेटीचा हक्क होता. जानेवारी १९८६ मध्ये अशाच एका भेटीच्या वेळी वडिलांनी मुलाला घेतले आणि न्यायालयाला न कळवता ते थेट भारतात आले. मुलाला पुण्यात आजी-आजोबांकडे ठेवले गेले. आईने सर्वोच्च न्यायालयात थेट हेबियस कॉर्पस याचिका केली. न्यायमूर्तींनी मुलाशी स्वतः बोलून घेतले. त्याला पढवले गेल्याचे त्यांना जाणवले आणि ११ नोव्हेंबर १९८६ रोजी मूल आईच्या हवाली करण्याचा आदेश झाला. अपहरणापासून निकालापर्यंत दहा महिने लागले. आजच्या मानाने हा वेग विलक्षण म्हणावा लागेल.

दुसरा मैलाचा दगड मराठी कुटुंबातला आहे: ‘धनवंती जोशी विरुद्ध माधव उंडे’. इथे आई तान्ह्या मुलाला घेऊन अमेरिकेतून भारतात आली होती. अमेरिकी न्यायालयाचा आदेश वडिलांच्या बाजूने होता आणि मुंबई उच्च न्यायालयानेही ताबा वडिलांना दिला. ४ नोव्हेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. तोवर मूल सुमारे बारा वर्षे आईजवळ वाढले होते. परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यायच्या अनेक बाबींपैकी एक आहे, मुलाचे हित त्याच्या वर, असे न्यायालयाने म्हटले. पुण्यातील मुलाला दहा महिन्यांत परत पाठवणारे आणि बारा वर्षांनी दुसऱ्या मुलाला इथेच ठेवणारे न्यायालय एकच. मधला फरक बव्हंशी काळाचा आहे. या विषयावरचे निकाल वाचताना घटनांचा क्रम आणि तारखा आधी पाहाव्यात. कायद्याची कलमे नंतर वाचली तरी चालते.

पुढे लंबक कसा हलला?

२०१५ मध्ये ‘सूर्या वदनन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळे तत्त्व मांडले. ज्या देशाच्या न्यायालयाने आधी परिणामकारक आदेश दिला, त्याला प्राधान्य द्यावे. इंग्लंडमधून कोइमतूरला आणलेल्या दोन मुलींना त्यानुसार परत पाठवण्याचे आदेश झाले. दोनच वर्षांत, ३ जुलै २०१७ रोजी, ‘नित्या आनंद राघवन’ खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे तत्त्व बाजूला सारले. त्या प्रकरणातील मुलीला हृदयविकार होता आणि ती आईसोबत दिल्लीत राहत होती. दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला परतीचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. संक्षिप्त चौकशी करून मूल लगेच परत पाठवायचे की सविस्तर चौकशी करायची, हे न्यायालयाने प्रत्येक प्रकरणात मुलाचे हित पाहून ठरवावे, हे आजचे सूत्र तिथून आले.

म्हणजे आता सगळे निकाल इथे ठेवण्याच्या बाजूने लागतात असे मात्र नाही. २०२२ मध्ये ‘रोहित थम्मना गौडा’ खटल्यात, आई बंगळुरूला घेऊन आलेल्या अमेरिकी नागरिक असलेल्या मुलाला परत पाठवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानेच दिला. मुलाची इच्छा आणि मुलाचे हित या वेगळ्या गोष्टी आहेत, असे तेव्हा स्पष्ट केले गेले. त्याच वर्षीच्या ‘वसुधा सेठी’ निकालात एक महत्त्वाची मर्यादा आली. न्यायालय मुलाला परत पाठवू शकते. पण आईने त्याच्यासोबत परदेशी जाऊन राहावे, अशी सक्ती तिच्यावर करू शकत नाही.

सूत्र योग्य आहे, असे या वार्ताहराला वाटते. अडचण ही की त्यातून निकालाचा अंदाज बांधता येत नाही. वकील आईला ‘जिंकाल’ म्हणू शकतो आणि बापालाही.

आदेश झाल्यावर तो बदलण्याचे कोणते मार्ग आहेत?

पहिला मार्ग सगळ्यांना माहीत असलेला: वर दाद मागणे. उच्च न्यायालयाने मूल परत पाठवण्याचा आदेश दिला की विशेष अनुमती याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयात जाता येते आणि स्थगिती मागता येते. मूल देशाबाहेर जाण्याआधी स्थगिती मिळते की नाही, यावर सारे असते.

दुसरा मार्ग फेरविचार याचिकेचा. सर्वोच्च न्यायालयाला हा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १३७ ने दिला आहे. निकालात उघड दिसणारी चूक असावी लागते, किंवा पूर्ण प्रयत्न करूनही तेव्हा हाती नसलेला नवा महत्त्वाचा पुरावा. मुदत साधारण ३० दिवसांची. निकाल पटला नाही म्हणून तीच बाजू पुन्हा मांडणे यात बसत नाही, आणि बहुतेक फेरविचार याचिका इथेच कोसळतात.

तिसरा मुद्दा ताब्याच्या आदेशांपुरता खास आहे. १९७३ च्या ‘रोझी जेकब’ खटल्यापासून भारतीय न्यायालये सांगत आली आहेत की मुलाच्या ताब्याचा आदेश स्वभावतःच तात्पुरता असतो. मूल वाढते, गरजा बदलतात, पालक पुन्हा लग्न करतात. म्हणून परिस्थिती बदलल्यास आदेशही बदलता येतो.

याचे ताजे उदाहरण जुलै २०२५ चे आहे. केरळमधील एका मुलाचा ताबा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये वडिलांकडे दिला होता. आईने दुसरे लग्न केले होते आणि तिला मुलासह मलेशियाला जायचे होते. आदेशानंतर मुलाची मानसिक अवस्था खालावली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील तज्ज्ञांनी चिंताविकाराचे निदान केले. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने फेरविचार याचिका मंजूर केली आणि ताबा आईकडे परत दिला. निकालानंतर घडलेल्या गोष्टीवरून फेरविचार मंजूर होणे दुर्मीळच. मुलाच्या बाबतीत ताठर राहून चालणार नाही, हा त्यामागचा विचार. मुलगा भारतातच होता, त्यामुळे या आदेशाची अंमलबजावणीही शक्य होती.

मूल देशाबाहेर गेल्यावर काय?

सॉफ्टवेअरमध्ये चुकीची आवृत्ती सर्व्हरवर गेली तर ‘रोलबॅक’ करता येतो, कारण सर्व्हर आपल्या ताब्यात असतो. इथे तसे नसते. ‘स्मृती मदन कन्साग्रा विरुद्ध पेरी कन्साग्रा’ हा खटला त्यासाठी वाचावा. हा खरे तर परतीचा आदेश नव्हता. मुलगा दिल्लीत आईजवळ वाढला होता आणि केनियास्थित वडिलांनी ताबा मागितला होता. २८ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने वडिलांना ताबा दिला आणि मुलाला केनियाला नेण्याची परवानगी दिली. न्यायालयाने काळजी घेतली नव्हती असे नाही. केनियातील न्यायालयाकडून ‘मिरर ऑर्डर’ आणण्याची अट होती, म्हणजे भारतीय आदेशातील भेटींच्या वगैरे अटी तिथेही बंधनकारक ठरवणारा तसाच आदेश. शिवाय एक कोटी रुपयांची अनामतही ठेवायची होती.

मुलगा गेला. नंतर ज्या कागदांच्या भरवशावर ताबा दिला, त्यांच्याबाबतच फसवणूक झाल्याचे समोर आले. आईला ठरल्याप्रमाणे भेट आणि संपर्क मिळेना. वडिलांनी तर नैरोबीच्या न्यायालयात भारतीय न्यायालयाच्या अधिकारालाच आव्हान दिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताबा देणारे आपले आदेश मागे घेतले, वडिलांकडील ताबा बेकायदा ठरवला आणि सीबीआयला गुन्हा नोंदवण्यास सांगितले. जुलै २०२२ मध्ये ते न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरले आणि नोव्हेंबरमध्ये सहा महिने कैद व २५ लाख रुपये दंड अशी शिक्षा झाली. आदेश मागे घेण्याचा अधिकार न्यायालयाने पुरेपूर वापरला, आणि मुलगा तरीही केनियातच होता.

गेल्या वर्षभरात चर्चेत असलेले पश्चिम बंगालमधील प्रकरणही याच जातीचे. रशियन आई आणि भारतीय वडील यांच्यात मुलाचे आठवड्याचे दिवस सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वाटून दिले होते. जुलैमध्ये आई मुलासह नेपाळमार्गे देशाबाहेर पडली आणि रशियात पोहोचली. देशाच्या सर्वोच्च न्यायालयात प्रकरण सुरू असताना हे घडू शकते, तर एखाद्या तालुक्यातील पालकाने कशाच्या भरवशावर राहायचे?

इतर देशांत हा अधिकार कसा वापरतात?

हेग करार फेरविचाराबद्दल काही सांगत नाही, त्यामुळे प्रत्येक देशाने आपापली सोय केली आहे. ऑस्ट्रेलियाच्या नियमांत तर कारणे लिहूनच ठेवली आहेत: सर्व पक्ष सहमत असतील, आदेश अमलात आणणे व्यवहार्य राहिले नसेल, अपवादात्मक परिस्थिती असेल, किंवा आदेशाला वर्ष उलटले असेल, तर तो रद्द करता येतो. इंग्लंडमध्ये अपील न्यायालयाने २०२०-२१ मधील निकालांत उच्च न्यायालयाचा हा अधिकार मान्य केला. मात्र कसोटी कडक आहे. ज्या पायावर आदेश दिला तो पायाच ढासळावा इतका मूलभूत बदल झालेला असावा लागतो.

कसोटी इतकी कडक ठेवण्यामागे कारण आहे. आदेश पाळायचा नाही, वेळ काढायचा आणि मग ‘आता मूल इथे रुळले, परिस्थिती बदलली’ म्हणून फेरविचार मागायचा, ही युक्ती जगभर चालते. फेरविचाराचे दार सताड उघडे ठेवले तर आदेश न पाळणाऱ्यालाच बक्षीस मिळते. ते पूर्ण बंद केले तर आजारी पडलेले, किंवा परतल्यावर डोक्यावर छप्पर नसणारे मूल कागदाच्या तुकड्यापायी विमानात बसवले जाते. आपल्याकडे खटलाच इतका लांबतो की बदललेली परिस्थिती वेगळी सिद्ध करावी लागत नाही. मधल्या तारखाच ती तयार करतात. हे भारतीय पद्धतीचे सर्वांत कच्चे अंग आहे. आईची बाजू घेणाऱ्यांनी आणि वडिलांची बाजू घेणाऱ्यांनी, दोघांनीही ते मान्य करायला हवे.

मुळशीतल्या पालकाला हे कुठे लागू होते?

पोलीस ठाण्यापासून सुरुवात करू, कारण बहुतेक जण तिथेच आधी जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले की वडील हे नैसर्गिक पालक असल्याने, न्यायालयाचा मनाई आदेश नसताना स्वतःच्या मुलाला नेले म्हणून त्यांच्यावर अपहरणाचा गुन्हा लावता येत नाही. त्यामुळे ‘एफआयआर करा’ हा शेजाऱ्यांचा सल्ला अनेकदा कामाचा नसतो. खरी वाट हेबियस कॉर्पस याचिकेची. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झाले असले तरी पुणे जिल्हा त्यात नाही, म्हणून मुंबईच गाठावी लागते. ताब्यासाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करायचा तर ‘मूल सामान्यतः कुठे राहते’ हा प्रश्न आधी सुटावा लागतो. पंधरा दिवसांपूर्वी माणच्या फ्लॅटमध्ये उतरलेले मूल सामान्यतः मुळशीत राहते, हे न्यायालयाला पटवणे अवघड.

त्याहून नाजूक प्रश्न व्हिसाचा. आयटीतल्या अनेक बायका नवऱ्याच्या एच-१बी व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावर अमेरिकेत असतात. घटस्फोट झाला की त्या व्हिसाचा आधारच संपतो. अशा आईच्या अमेरिकी मुलाला परत पाठवण्याचा आदेश झाला, तर ती सोबत जाणार कशी आणि राहणार कुठल्या हक्काने? ‘आईने सोबत जावे’ एवढ्या एका वाक्याने हे सुटत नाही. म्हणून जाणकार वकील परतीच्या आदेशातच अटी घालून घेण्याचा आग्रह धरतात: दोघांच्या तिकिटांचा खर्च, स्वतंत्र राहण्याची सोय, दरमहा ठरावीक रक्कम, आईविरुद्धचे अटक वॉरंट आधी मागे घेणे, आणि तिकडच्या न्यायालयाचा तसाच आदेश मूल निघण्यापूर्वी हाती येणे. अटी पाळल्या गेल्या नाहीत तर पुन्हा याच न्यायालयात अर्ज करण्याची मुभा आदेशात स्पष्ट लिहून घ्यावी, आणि अटींची पूर्तता झाल्याचे कागद न्यायालयाने परस्पर तपासेपर्यंत मुलाचा पासपोर्ट निबंधकांकडेच ठेवण्याची मागणी करावी. कन्साग्रा प्रकरणात नेमकी हीच तपासणी कमी पडली होती.